बोटांमधली जागा

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं एकमेकांना जोडलेली होती. टेंभुर्णीला बाळ बघायला बायका यायच्या, दुपट्यातून तो हात बाहेर काढायच्या आणि विचारायच्या, "गिऱ्हानात काही चिरलं व्हतं का?"

मी चिरली होती. भेंडी. ग्रहण आहे हे ध्यानातच नव्हतं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. पाजताना तो हात पदराखाली झाकून ठेवायचे.

सव्वा महिना झाल्यावर सासूबाई मला जालन्याला घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी बोटं चाचपली. हाडं वेगळी आहेत, नुसती कातडी जुळलीय, दीड वर्षाची झाली की ऑपरेशन करू, म्हणाल्या. आम्ही उठलो. दारापाशी माझा पाय अडला.

"मॅडम, मी ग्रहणात भेंडी चिरल्ती."

त्या हसल्या नाहीत. मला परत बसवलं. "कितवा महिना होता?"

"सातवा."

"बोटं तर तिसऱ्या महिन्याच्या आतच सुटी होतात." त्यांनी आपला पंजा मिटून धरला. "पोटात आधी सगळ्यांचाच हात असा, उलथन्यासारखा चपटा असतो. मग बोटांच्या मधल्या पेशी आपोआप मरतात. त्यांचं ते ठरलेलंच असतं. त्या मेल्या की जागा मोकळी होते. हिच्या दोन बोटांमधल्या तेवढ्या राहून गेल्या. तुमच्या हातून काही चुकलं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी मरायचं ते मेलं न्हाई, इतकंच?"

"इतकंच."

बसमध्ये सासूबाईंनी तिकिटं काढली. मग बाळाला माझ्याकडून घेत म्हणाल्या, "एवढे दिस एकटीच घेऊन बसली व्हय हे? मला सांगायचं न्हाई का?" मी खिडकीकडे तोंड करून रडले.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली त्या दिवशी पोरगी बोटं फाकवून बघत होती, मिटत होती, पुन्हा फाकवत होती.

आता ती तिसरीत आहे. बोटांच्या बेचक्यात फिकट वण राहिलाय. त्या पहिल्या दिवशी दवाखान्याबाहेर रांग लागलेली होती, तरी डॉक्टरबाईंनी आम्हाला दहा मिनिटं दिली. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. कधी कणीक मळून हात धुताना स्वतःची बोटं दिसतात, आणि आपल्यासाठी मुकाट्यानं मरून गेलेल्या त्या पेशींचेही मी मनातल्या मनात आभार मानते.