तासूलाच्या इमारतीतलं दुसरं मत

अथेन्समधल्या किप्सेली भागात, आमच्या गल्लीत, तासूलाच्या आवाजाची कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. चौथ्या मजल्यावर ती बोलू लागली की खालच्या बेकरीवाल्याला तिच्या घरी आज काय शिजतंय तेही कळतं. शर्टांच्या कारखान्यात जन्मभर काजं करून निवृत्त झालेली ही बाई इमारतीचा कारभार बघते, कारण ते काम कुणालाच नको होतं आणि आता करायला दुसरं कुणी उरलेलंही नाही.

झालं असं, की सरकारनं कायदा काढला: परदेशी माणसानं इथं घर घ्यावं आणि पाच वर्षं राहण्याचा परवाना खुशाल घेऊन जावा. मग काय, एजंट लोकांची रीघ लागली. शांघाय, बैरूत, इस्तंबूल, कुठून कुठून लोक आले. घरं घेतली, भिंती रंगवल्या, कुलपं ठोकली आणि परवाना खिशात घालून निघून गेले. राहायची सक्ती नव्हतीच. इमारतीत दिवे लागेनासे झाले. थंडीत घरं गरम ठेवणारा तळघरातला बॉयलर चालू करायचा ठरावही होईना, कारण सभेला निदान दोन मालक हवेत असा इमारतीचा नियम. दर हिवाळ्यात तासूला जिन्याखाली खुर्ची टाकून सभा बोलवायची, स्वतःच विषय मांडायची, न आलेल्यांना नावं घेऊन शिव्या घालायची आणि वर जाऊन दोन स्वेटर चढवायची.

या सगळ्यात एकच बाई खरोखर राहायला आली, ती म्हणजे समोरच्या घरातली लान. चीनमध्ये तिचा बटणांचा छोटा कारखाना होता. नवरा गेल्यावर तो विकून तिनं इथं घर घेतलं. पहिल्याच आठवड्यात तिनं तासूलाच्या दोरीकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, कपडे वाळत घालू का? तासूलानं हनुवटी वर उडवली, भुवया ताणल्या आणि "च्यक्" केलं. आमच्याकडे याचा अर्थ 'मुळीच नाही'. लानच्या मुलखात मान अशी वर-खाली हलली की होकार. तिनं आनंदानं दोरीभर चादरी टाकल्या. त्या दिवशी जे भांडण झालं त्यातून लानचं ग्रीक सुरू झालं.

पुढचं ग्रीक ती स्वयंपाकघराच्या खिडकीत शिकली. दोघींच्या खिडक्यांमध्ये अरुंद चौक आहे. तासूला शेंगा निवडता निवडता इकडून ओरडायची, लान तिकडून तेच ओरडून म्हणायची. एक काजांची, एक बटणांची. जमायचं ते जमलंच.

एका गोष्टीत मात्र लान हटून बसायची. सभेला यायची नाही.

"पैसे माग, लगेच देते तासूलाबाई, मत मागू नकोस," ती म्हणायची. "मी इथं पाहुणी. पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात हात वर करायचा नसतो. कागद येऊ दे, मग बघू."

वर तासूलाला थंडी बाधू नये म्हणून विजेची शेगडी आणून द्यायची. तासूला शेगडी ठेवून घ्यायची आणि चार दिवस अबोला धरायची.

कागद म्हणजे नागरिकत्वाचा. परवाना पैशांनी मिळतो, हा तसा मिळत नाही. त्यासाठी सात वर्षं खरोखर इथं काढावी लागतात, भाषा यावी लागते, लेखी परीक्षा असते आणि वर समितीपुढे मुलाखत. परवाना वाढवून घेत लानची वर्षं भरली, लेखीही पार पडली. तेवढ्यात सिंगापूरहून तिच्या मुलाचा फोन आला. घराला दुप्पट भाव येतोय, या खेपेला कागद मिळाला नाही तर विकून टाक आणि इकडे ये. लान त्याला बरं म्हणाली. हे तिनं खिडकीतून सांगितलं तेव्हा तासूलाच्या हातातली चाळण खाली चौकात गेली. लान गेली तर या इमारतीत आपण आणि कुलपं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

मुलाखतीच्या दिवशी तासूला अशी नटली की जणू समिती तिलाच बघायला येणार होती. बसमध्ये तिनं मोठ्यानं उजळणी घ्यायला सुरुवात केली. संसदेत माणसं किती, सर्वात लांब नदी कोणती. नदीवरून मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांची जुंपली, एका शाळकरी मुलीनं दोघांनाही चूक ठरवलं आणि उतरताना अख्ख्या बसनं लानला शुभेच्छा दिल्या. तासूलाचा आनंद नुसता उतू जात होता.

"आणि हे बघ, ते च्यक् तिथं अजिबात नको," तिनं कचेरीच्या दारात बजावलं. "साहेब लोकांपुढे ते उद्धटासारखं दिसतं. हात मांडीवर ठेवायचे आणि तोंडानं नीट 'नाही' म्हणायचं."

खोलीत कोंदट होतं म्हणून दार अर्धं उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरून तासूलाला आतलं सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. लान एकेक उत्तर देत होती आणि बाहेर तासूलाचे ओठ हलत होते. नदीसुद्धा बरोबर आली. मग मधल्या चष्मेवाल्या बाईंनी कागद बाजूला सारले.

"तुमच्यासारख्या गुंतवणूकदारांची निम्मी घरं बंद असतात," त्या म्हणाल्या. "उद्या चांगला भाव आला की तुम्हीही विकून जाल, नाही का?"

तासूलाचे ओठ थांबले. मुलाला काय शब्द दिलाय ते तिला माहीत होतं, आणि लान खोटं बोलणारी नव्हे, हेही.

लानचे हात मांडीवरच राहिले. हनुवटी मात्र वर उडाली, भुवया ताणल्या गेल्या आणि खोलीभर ऐकू जाईल असं "च्यक्" झालं.

चष्मेवाल्या बाई आधी बघतच राहिल्या, मग मोकळ्या हसल्या. हे कुठं शिकलात, असं त्यांनी विचारलं. शेजारणीकडे, लान म्हणाली. निकाल कळवू, एवढं सांगून त्यांनी तिला निरोप दिला.

फुटपाथवर येताच तासूलाचा तोफखाना सुरू झाला. इतकं घोकून घेतलं ते काय लोणचं घालायला? आणि कागद नाहीच आला तर मुलाला काय सांगणार आहेस?

"त्यालाही तेच," लान म्हणाली. "फोनच्या कॅमेऱ्यापुढे मान उडवून दाखवीन. त्याला वाटेल, आई हो म्हणतेय. मग शब्दांत सांगावं लागेल."

तासूलानं कोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेतली आणि लानच्या हातात कोंबली.

कागद अजून आलेला नाही, सरकारी काम आपल्या चालीनं चालतं. पण पुढच्या रविवारी तासूलानं सवयीनं जिन्याखाली खुर्ची टाकली, तर लान आपली खुर्ची घेऊन खाली उतरली आणि समोर मांडून बसली.

"कागद कुठं आलाय तुझा?" तासूला म्हणाली.

"येईल तेव्हा येईल. तू विषय वाच."

तासूलानं विषय वाचला. बॉयलर चालू करणे. कुणाचा विरोध आहे का, हे विचारताना तिचा आवाज चिरकला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोन्ही हनुवट्या एकदम वर उडाल्या.

संध्याकाळी त्या इमारतीच्या धुराड्यातून धूर निघताना बघायला आम्ही सगळे गल्लीत उभे होतो.