लिंबाजीभाऊंची छागळ

सव्वा महिना झाला. सकाळी कार्यालयात चहा चालू असताना फोन वाजला आणि पलीकडून सोपानदादा म्हणाले, "ताई, लिंबा गेला. झोपंतच गेला." लिंबाजीभाऊंच्या थोरल्या भावाने मला फोन करावा याचंच आधी नवल वाटलं, बातमी नंतर डोक्यात शिरली... या दोन भावांमधला तीन वर्षांचा अबोला मी जवळून पाहिला होता.

लिंबाजीभाऊ अंबाजोगाईच्या आमच्या पाणलोट कार्यालयात डोंगरांची पाहणी करायचे. चर कुठे खणायचे, नाल्यावर बांध कुठे घालायचा हे त्यांनी सांगावं आणि आम्ही कागदावर उतरवावं. घर मेंढपाळाचं, त्यामुळे खांद्याला वडिलांची पाण्याची कॅनव्हासची छागळ कायम. मी नोकरीला लागले त्या दिवशी नवे सँडल घालून गेले होते. गावकऱ्यांना आधी खालचा मोठा बंधारा हवा होता, कारण फोटो त्याचाच चांगला येतो. भाऊंनी मला थेट माथ्यावर नेलं. "पानी वरून येतं म्याडम, मग काम बी वरूनच," एवढंच बोलले. वर पोचल्यावर छागळीतलं सगळं पाणी जमिनीवर ओतलं आणि ते कुठे पळतं हे उकिडवं बसून बघत राहिले. मग दिवसभर माझ्याकडे "घोटभर द्या" चालू! प्रत्येक डोंगरावर हेच. मी चिडायचे, आणि पुढे मुकाट्याने दोन बाटल्या न्यायला लागले.

मग सिरसाळ्याच्या पुढच्या त्यांच्या स्वतःच्या गावाचं काम आमच्याकडे आलं. नुसते चर खणून भागत नाही, वर गवत धरावं लागतं, म्हणजे तीन वर्षं चराईबंदी. ग्रामसभेत लोक म्हणाले, आधी तुझ्या भावाची मेंढरं थांबव. भाऊ उठले आणि सगळ्यांत आधी दादाचाच कळप थांबेल असं भर सभेत सांगून बसले. दादांना विचारलंही नव्हतं. हे त्यांचं चुकलंच, मी त्यांना तेव्हाही तसं म्हणाले होते. दादांनी भावाशी बोलणंच टाकलं. आठ दिवसांत बिऱ्हाड घोड्यावर लादून कळपासकट चकलांब्याकडे, गोदाकाठाला निघून गेले.

भाऊ दर महिन्याला रजा टाकून तिकडे जायचे. कोकरं सांभाळायची, लोकर कातरायला हात लावायचा, वहिनींच्या हातची भाकरी खाऊन परतायचं. दादा बोलले का, असं मी विचारलं की हसायचे. "न्हाई. पण भाकर लई मोठी हुती."

चौथ्या वर्षी माथ्यावर गवत कमरेला लागलं, खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं आणि दादा परत आले. बोलणं सुरू झालं ते मेंढरांपुरतं. डोंगराचं नाव दोघांनीही काढलं नाही. दादाला एकदा वर नेऊन दाखवायचंय, असं भाऊ मला सारखं म्हणायचे. आज नेतो, उद्या नेतो... ते राहूनच गेलं. धीट माणूस भावासमोर इतका भित्रा कसा होता, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात दादा कार्यालयात आले. छागळ भाऊंच्या खुर्चीमागच्या खिळ्याला होती. मी ती काढून द्यायला लागले तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. "लिंबा मला वर काय दावनार हुता, त्ये दावा," म्हणाले.

आम्ही छागळ भरून घेतली आणि त्यांच्या गावचा डोंगर चढलो. भाऊ ओतायचे तिथेच मी ती उपडी केली. पाणी जरा थबकलं, मग थोडं गावाकडच्या चरात उतरलं, थोडं पलीकडच्या अंगाला गेलं. दादा उकिडवे बसले, अगदी भाऊंसारखे, आणि ओल सुकेपर्यंत उठले नाहीत. मला रडू आवरेना.

उतरताना घसा कोरडा पडला. छागळ रिकामी, आणि बाटली आणायची मी विसरले होते. दादांनी काही न विचारता पिशवीतली आपली बाटली काढून माझ्यापुढे धरली.

"ल्हानपनी बी असंच सांडायचा," ते म्हणाले, "आन् मग माज्यातलं मागायचा."