दोन बुन

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात रमण धुरींइतकं व्हिएतनाम कुणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं न टेकतं तोच धुरी सुरू व्हायचे. "बान्ह शेओ म्हणजे आपलं घावनच हो! हळद नि नारळाचं दूध घातलेलं, आत कोलंबी. पाल्यात गुंडाळून खायचं. सकाळी फो घ्या, गरम रस्सा नि तांदळाच्या शेवया. फिश सॉसच्या वासाला नाक मुरडू नका, आपल्या सुकटीला लोक तेच म्हणतात. आणि हनोईत अंड्याची कॉफी सोडू नका, वर पिवळा फेस असतो, चमच्याने खायचा." ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि तिकीट पक्कं व्हायचं.

गंमत अशी, की हा गृहस्थ व्हिएतनामला कधी गेलाच नव्हता. व्हिएतनामलाच कशाला, मस्कत ते गोवा आणि गोवा ते मस्कत याखेरीज त्याने विमानातून काही पाहिलं नव्हतं. त्यांची पद्धत साधी होती. तिकीट हातात देताना प्रत्येकाला बजावायचं, "परत आल्यावर मला सांगायचं हं, काय काय खाल्लंत." लोक परत येऊन सांगायचे, धुरी लिहून घ्यायचे आणि पुढच्याला सांगायचे. तोवर त्या चवी त्यांच्याच होऊन गेलेल्या असत.

हे सगळं बोलणं गिऱ्हाइकांशी. घरच्यांशी मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. बायको वसुंधरा कुडाळला, लेक पूर्वा आधी तिच्याजवळ आणि आता नोकरीसाठी पुण्यात. दर शुक्रवारी फोन. "जेवलीस?" "हो. तुम्ही जेवलात?" "हो." संपलं. एकोणीस वर्षं बापलेकीचं एवढंच बोलणं. पूर्वी ती लगेच फोन आईकडे द्यायची, आता "चला, ठेवते" म्हणायची. मे महिना आणि ईद, दोन्ही सीझनचे दिवस. रजा मिळायची ती भलत्याच वेळी, लेक शाळेत असताना. तिच्याशी काय बोलायचं हे धुरींना खरंच कळत नसे, आणि त्याची त्यांना लाज वाटे.

अशात २०१७च्या नोव्हेंबरात वसुंधराने फोनवर सांगितलं, की पूर्वा ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर व्हिएतनामला चाललीय. धुरी खुर्चीतून उठलेच. अख्ख्या जगात लेकीने नेमका हाच देश निवडावा! निदान या एका विषयावर बापाला तोंड उघडता येणार होतं.

त्यांनी नवा कागद घेतला आणि फक्त तिच्यासाठी मराठीत सुवाच्य अक्षरात यादी लिहिली. खायचं डावीकडे, प्यायचं उजवीकडे. पूर्वाला कॉफीचं वेड आहे हे वसुंधराकडून कळलेलं, म्हणून कॉफीसाठी जुन्या वह्या उलटसुलट केल्या. एका पानावर नुसतंच लिहिलं होतं, 'बुन, रोज सकाळी घेतलं, फक्कड.' सोहारच्या कारखान्यातल्या रविकांत नावाच्या गिऱ्हाइकाने घाईत सांगितलेलं. बुन म्हणजे कॉफीच, यात धुरींना शंका कसली? मत्रहच्या बाजारात, शरीफच्या दुकानात एकोणीस वर्षं ते "अर्धा किलो बुन" मागत होते आणि शरीफ कॉफीची पूड बांधून देत होता. त्यांनी उजवीकडे ठळक लिहिलं : बुन. कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आणि एक अंगठा.

पाच दिवसांनी सकाळी ऑफिसात आले तर पूर्वाचा आवाज आलेला. ओमानात व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नसत, पण बोलून पाठवलेला निरोप यायचा. मागे मैत्रिणी खिदळत होत्या. "बाबा! तुमच्या लिस्टमध्ये ड्रिंक्सखाली बुन लिहिलंय. मी दोन बोटं दाखवून म्हटलं, दोन बुन. वर शुगर पण मागितली! आले काय, तर दोन वाडगे भरून शेवया, आपले शिरवाळेच! रस्सा घातलेले! ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. पण भारी होते, दोन्ही मीच संपवले."

धुरींनी तो निरोप चार वेळा ऐकला. चूक कळून कान तापले, पण लेकीचं असं हसणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून पाचव्यांदा ऐकला.

दुपारच्या सुट्टीत सगळे गाड्या काढून घरी गेले. धुरी डबा न उघडता बसून होते. पुन्हा आवाज आला, या वेळी मागे कुणी नव्हतं. "बाबा, पण तुम्ही तर इथे येऊन गेलाय ना? मग बुन कसं चुकलं?"

त्यांनी दोनदा बोलून पुसलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "नाय गो. मी गेलोच नाय कधी. इकडे कॉफीक बुन म्हणतत. लोक येऊन सांगतत, ता मी लिवन घेतंय."

मग तिचा निरोप आला. "मी लहानपणी विचारायचे ना, बाबा का येत नाहीत, तर आई म्हणायची, ते ट्रॅव्हलमध्ये आहेत, त्यांना देशोदेशी फिरावं लागतं. मला इतका राग यायचा तुमचा. वाटायचं, सगळीकडे जातात, फक्त आमच्याकडे येत नाहीत. बाबा, मग तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे?"

धुरींनी समोर पाहिलं. टेबल, कॉम्प्युटर, भिंतीवर हनोईच्या तळ्याचं पोस्टर. मग त्यांनी बटण दाबलं. "हयच. ह्याच टेबलार."

लगेच उत्तर आलं, अगदी हळू आवाजात. "जेवलात?"

हो, म्हणायला तोंड उघडलंच होतं. पण ते म्हणाले, "नाय जेवलंय अजून." आणि फोन टेबलावर ठेवून वाट बघत राहिले, कारण याच्या पुढे काय बोलतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.