अण्णा, सुनीताताई आणि तुंबलेले पाइप

आमच्या धंद्यातले किस्से साठत जातात, कारण ते घरी जेवताना सांगता येत नाहीत आणि पाहुण्यांत तर विषयच काढायचा नाही. थेरगावात डांगे चौकाजवळ आमचं छोटं दुकान आहे. तुंबलेले पाइप, संडास, चेंबर मोकळे करून देतो. आम्ही तिघं. मी लातूरकडचा. शंकरअण्णा इथल्याच जुन्या गावातले, साठीला आलेले. आणि सुनीताताई, आधी चाकणच्या एका कंपनीत हाउसकीपिंगला होती. स्प्रिंगचं मशीन चालवायला अण्णांकडून शिकली. तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

*

एका सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीत अख्ख्या बिल्डिंगचं खरकटं पाणी उलटून यायचं. आधीचा प्लंबर किचनची फरशी फोडायला सांगून गेला होता. काकू रडायच्या बेतात होत्या, फरशी नवीनच बसवलेली.

अण्णा घरात गेलेच नाहीत. बाहेर शिडी लावून पाइपवर पान्याने टकटक करत, कान लावत खाली आले आणि जमिनीपासून हातभर वर थांबले. म्हणाले, इथं खोला. खोललं, तर तुपातेलाचा दगडासारखा गोळा.

कसं कळलं, म्हणून काकूंनी विचारलं. अण्णा पाना पुसत म्हणाले, "मोकळा पाइप बोलतो, ताई. भरलेला मुका व्हतो."

*

माण गावातल्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एक आयटीवाला राहतो. कमोड तुंबला म्हणून त्याने दोन दिवस व्हिडिओ बघून ॲसिड ओतलं. शेवटी मला फोन केला. मी स्प्रिंग घातली, चार वेळा फिरवली आणि ओढली. पट्ट्यासकट त्याचं कंपनीचं आयकार्ड बाहेर आलं.

त्याचा चेहरा उतरला. कार्ड बसमध्ये पडलं असं ऑफिसात लेखी देऊन बसला होता बिचारा. मी कार्ड धुऊन त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "साहेब, फोटोतलं हसू अजून तसंच आहे."

*

आता माझाच किस्सा. घरचं बाथरूम तुंबलं आणि मी आठवडाभर उद्या-उद्या करत राहिलो. बायकोने सरळ अण्णांना बोलावलं. अण्णांनी जाळी उचलून हात घातला आणि तंबाखूच्या पुड्यांचा गठ्ठा वर काढला. मी तर वर्षापूर्वीच सोडली होती, निदान बायकोला तसं सांगितलं होतं.

बायको दारातच उभी. अण्णांनी मूठ मिटली. "साबणाची कागदं हाईत, सूनबाई," म्हणाले आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या दिवशी खरी सुटली.

*

चाकणच्या एका कारखान्यात सेप्टिक टँक भरून संडास बंद पडले होते. सक्शनची गाडी यायला उशीर होणार होता आणि दुसरी शिफ्ट यायची वेळ झालेली. तिथले अधिकारी म्हणाले, एक माणूस दोरीने आत सोडा, पाच मिनिटांचं काम आहे. अण्णा नाही म्हणाले. आतल्या वायूने माणूस ओरडायच्या आत संपतो, हेही सांगितलं. त्यावर साहेब म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या ठेकेदाराची माणसं उतरतील.

अण्णांनी टँकचं झाकण लावलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसले.

तीन तास बसले, उन्हात. सिक्युरिटीवाला आला, मोठे मॅनेजर आले. मला हा ग्राहक तर गेलाच असं वाटत होतं. अण्णांचं एकच म्हणणं, "कोनाचंबी पोर आत जानार न्हाई." गाडी आली, पाइप लावायची वेळ झाली, तेव्हाच उठले.

पुढच्या महिन्यात त्याच मॅनेजरचा फोन आला. म्हणाले, काम आहे, पण ते झाकणावर बसणारे बाबा येत असतील तरच या.

*

आणि हा सुनीताताईचा. ज्या कंपनीत तिने सात वर्षं फरशी पुसली, तिथूनच बोलावणं आलं. लेडीज टॉयलेट सारखं तुंबत होतं. दुरुस्त व्हायचं, आठ दिवसांत पुन्हा बंद. लाइनवरच्या बाया आठ तासांच्या शिफ्टमध्ये पाणीच प्यायच्या नाहीत. एकीला त्यापायी दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

ताईने दोन तासांत पाइप मोकळा केला. मग हात धुऊन थेट मीटिंग रूमच्या दारावर टकटक केली. आत सहा-सात साहेब बसलेले. एकाने तिला ओळखलं आणि विचारलं, "काय सुनीता, झालं का?"

"पाइप झाला, सर. पण पुन्हा तुंबणार," ती म्हणाली. "आत पॅड टाकायला डबा नाही. सात वर्षं मी सुपरवायझरला सांगत होते, त्यांना वर सांगायला लाज वाटायची. म्हणून आज मी सांगते. प्रत्येक संडासात झाकणाचा डबा पाहिजे, आणि तो रोज रिकामा झाला पाहिजे."

मग टोकाला बसलेल्या साहेबांनी वही ओढली आणि किती डबे लागतील, ते तिलाच विचारलं.

महिन्याने आम्ही तपासायला गेलो. पाइप साफ होता. निघताना कूलरपाशी ताईची जुनी मैत्रीण भेटली, लाइनवरची. तिने मोठा ग्लास काठोकाठ भरला, ताईकडे बघत सगळा प्यायली, पुन्हा भरला, तोही प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि लाइनवर गेली.