राखणदाराची तिसरी ताकद

उद्गारचिन्ह मी स्वल्पविरामाच्या आधी शिकले. आमच्या घरात पत्रकं छापली जात. ठाकुर्लीतल्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बंद केलेल्या गॅलरीत बाबांची स्क्रीन प्रिंटिंगची चौकट असायची. शाईचा वास पडद्यांना लागलेला. शाळेतून आले की ओली पत्रकं दोरीवर लावायची, वाळलेली घडी घालायची आणि संध्याकाळी दारांखालून सरकवायची. अन्याय दिसला की ओरडायचं, तेही ताबडतोब आणि सगळ्यांसमोर. दुसरी काही पद्धत असते हे मला ठाऊकच नव्हतं.

ती पद्धत मला एका व्हिडिओ गेमने शिकवली. हे वाक्य बाबांना आवडणार नाही.

बरोबर आमच्या खालच्या घरात माझा कॉलेजातला मित्र राहायचा. त्याची मावसबहीण ठाण्याहून ऑनलाइन खेळायची. त्यांना टीममध्ये तिसरं माणूस हवं होतं, म्हणून मला ओढलं. माझ्या वाट्याला जे पात्र आलं त्याला आम्ही राखणदार म्हणायचो. तो पळण्यात मंद आणि नेमबाजीत यथातथा होता, पण त्याच्याकडे तीन ताकदी होत्या. पहिली कान: बटण दाबून धरलं की तो जमिनीला कान लावतो आणि भिंतीपलीकडची पावलं ऐकू येतात. तेवढा वेळ त्याला हलता येत नाही, गोळी झाडता येत नाही. दुसरी भिंत: समोर दगडी आडोसा उभा राहतो, पण तो आपल्या माणसांनाही अडवतो. तिसरी हाक. हाक दिली की साथीदारांच्या पडद्यावर पिवळी खूण चमकते आणि त्यांनी बटण दाबलं तर ते जिथे असतील तिथून थेट राखणदाराजवळ येतात. दाबलं तरच. आणि एकदा दिलेली हाक पुन्हा भरायला फार वेळ लागतो.

मी काय केलं असेल ते सांगायला नको. शत्रूची सावली दिसली की हाक. सावली नाही दिसली, नुसता संशय आला, तरी हाक. एकदा घाईत भिंत अशी उभी केली की मित्र शत्रूसोबत एकाच खोलीत कोंडला गेला.

"अगं मी आत आहे! आत!" तो ओरडत होता.

"ताई," त्याची बहीण म्हणाली, "ही हाक आहे, पत्रक नाही. दिसेल त्याला वाटायची नसते."

मी चिडले. पण थोड्याच दिवसांत त्या दोघांनी माझ्या हाकेला बटण दाबणं सोडून दिलं. पिवळी खूण चमकायची, विझायची आणि मी एकटी मरायचे.

मग मित्राने मला सरावाच्या मैदानात नेलं. तिथे शत्रू नसतात, नुसते पुतळे. "आज फक्त कान," तो म्हणाला. "बाकीच्या बटणांना हात लावलास तर मी चाललो."

कान लावणं सर्वांत अवघड निघालं. पडदा करडा होतो, आपला श्वास मोठा वाटतो, आणि काहीच न करता थांबायचं असतं. माझी बोटं शिवशिवायची. हळूहळू फरक कळू लागला. लाकडावरचं पाऊल, दगडावरचं पाऊल, दाराशी थबकलेलं पाऊल. आपण गप्प राहिलो की समोरचा किती बोलतो, हे मला त्या मैदानात पहिल्यांदा कळलं.

याच काळात इमारतीवर पालिकेचा लाल अक्षरांचा फलक लागला: धोकादायक. नोटीस आम्हाला नवीन नव्हती. बिल्डरचा माणूसही नवीन नव्हता. गोड बोलायचा, "तुम्ही आधी खाली करा, कागदाचं नंतर बघू." आमच्या आसपासच्या कित्येक इमारतींमधली माणसं असंच 'नंतर बघू' ऐकून बाहेर पडली होती आणि बाहेरच राहिली होती. म्हणून बाबांनी पत्रक काढलं: लेखी करार नाही, तर ताबा नाही! ही शेवटची ओळ माझी होती. ती मागणी आजही बरोबर आहे, हे मी इथे लिहून ठेवते. जे घर पाडायची घाई असते आणि बांधून द्यायची नसते, ते सोडायला सांगणाऱ्याचा हेतू विचारलाच पाहिजे.

पण खांबांना हेतू नसतो.

मित्राच्या स्वयंपाकघरातल्या खांबाला उभी भेग होती. रहिवाशांच्या समितीच्या ओळखीतल्या एका इंजिनिअरने तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून दिली होती. भेग हलली तर काच तुटणार, एवढं साधं. ती पहिल्यांदा तुटली तेव्हा काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईने, सांगितलं, "झाडू लागला." पालिकेची माणसं पाहणीला यायची होती. तुटकी काच त्यांनी पाहिली असती तर करार राहिला बाजूला, पोलीस आणून घरं रिकामी केली असती. तेव्हा नवी पट्टी चिकटवली गेली आणि वर कॅलेंडर टांगलं गेलं. अख्ख्या इमारतीने त्या झाडूवर विश्वास ठेवला. दुसऱ्या एका घरातही झाडू लागला. तिसऱ्या घरात मांजर.

जिन्यात उतरताना मी हात भिंतीला लावेनाशी झाले. कोणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं.

ती संध्याकाळ अगदी साधी होती. आम्ही तिघं खेळत होतो. मित्राचं टेबल स्वयंपाकघरात होतं, कारण राऊटर तिथे होता. त्याचा माइक नेहमीसारखा चालू. तो आणि त्याची बहीण पुढे गेले होते, मी मागे राहून कान लावला होता. पडदा करडा. गोळ्यांचे आवाज थांबले तेवढ्यात हेडफोनमध्ये एक आवाज आला. टिच्. आणि त्यामागून मूठभर वाळू कागदावर सांडावी तसा आवाज.

राखणदाराच्या दुनियेतले सगळे आवाज तोवर मला पाठ होते. हा त्यांतला नव्हता.

मी बटण सोडलं. तोंडापर्यंत ओरडणं आलं होतं, ते मी गिळलं.

"काकू कुठे आहेत?" मी विचारलं.

"बाल्कनीत. दोरीवरचे कपडे काढतेय. समोर बघ ना, दोघं येतायत!"

"हेडफोन काढ आणि कॅलेंडरच्या मागे बघ."

"वेडी आहेस का? राऊंड चालू आहे!"

"काढ रे," ठाण्याहून त्याची बहीण म्हणाली. तिच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "ही कधी इतकी हळू बोलते का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कॅलेंडरचा खिळा खरवडला.

"काच नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे खाली पडलीये. आणि अजून पडतंय काहीतरी. बारीक बारीक."

बाबा गॅलरीत शाई ढवळत होते. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणी पाहिली?"

"त्याने पाहिली. मी ऐकली."

"ऐकली? त्या खेळात?"

"बाबा, तुमच्या हातातलं ठेवा."

त्यांनी सवयीने भिंतीवरचा मोर्चाचा भोंगा काढला. मी तो त्यांच्या हातातून घेऊन खाटेवर ठेवला. भोंगा वाजला असता तर लोकांना वाटलं असतं सभा आहे, आणि आमच्या सभेला लोक आमटी उतरवून सावकाश येत. मी दारोदार गेले आणि हळू आवाजात एकच वाक्य बोलले: खालच्या घरात काच तुटली, आत्ता, झाडू नव्हता. पुढचं कोणाला समजावावं लागलं नाही. झाडू नव्हता हे सगळ्यांना आपापल्या घरातलं ठाऊक होतं.

लोक खाली आले. कोणी गाऊनवर ओढणी घेतलेली, कोणाच्या हातात पोपटाचा पिंजरा. काकूंच्या खांद्यावर अर्धे वाळलेले कपडे तसेच होते. आम्ही आवारात मान वर करून उभे राहिलो आणि काहीही पडलं नाही. इमारत उभी होती. तिच्या खिडक्यांत आमचेच दिवे लागलेले होते.

"पोरीने गेममध्ये ऐकलं म्हणे," एक काका म्हणाले. "आता भूकंपही मोबाइलवरच कळेल." दोनचार जण हसले. वर जायला मात्र कोणी निघालं नाही.

इंजिनिअर येऊन वर गेला आणि उतरला तेव्हा हसत नव्हता. खांबाला लोखंडी टेकू लागले. समितीची बैठक तिथेच, उभ्याउभ्या झाली. मुलंबाळं, म्हातारी माणसं बाहेर पडतील, असं ठरलं. पण सगळं रिकामं केलं तर ताबा गेला, म्हणून काही पुरुषांनी आत राहायचं. नावं विचारायच्या आधीच बाबांनी हात वर केला.

"खांबाला तुमचा करार कळतो का?" मी म्हणाले.

"बिल्डरला कळतो," बाबा म्हणाले. "शेवटची ओळ तूच लिहिलीस ना?"

ते चूक नाहीत, आणि ते त्या खांबाच्या डोक्यावर झोपतात.

मित्राचं कुटुंब ठाण्याला मावशीकडे गेलं. आई आणि मी शहाडला भाड्याच्या खोलीत आलो. आम्ही तिघं अजून खेळतो, पण कमी. माझी हाक आता चुकत नाही असं ते दोघं म्हणतात.

खेळ संपला की मी बाबांना फोन लावते. फार बोलत नाही. त्यांना सांगितलंय, फोन आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर, त्याच खांबाजवळ ठेवा आणि तुमचं काम करा. ते कुरकुरतात आणि ठेवतात. मग मी हेडफोन घट्ट करते. छपाईच्या चौकटीवर शाई ओढल्याचा आवाज येतो. त्यांचा खोकला. नळाची टपटप. टेकूवर कुठेतरी लोखंड कुरकुरतं आणि गप्प होतं. आई दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत असते.

एकदा सगळे खाली आले आणि काही पडलं नाही. पुढच्या वेळी बाबा माझ्या शब्दावर उठतील का, मला माहीत नाही. म्हणून मी हलत नाही, बोलत नाही. हाक राखून ठेवलेली आहे. मी फक्त कान लावून बसते.