पेटीमामांची लाल गाडी

माझे मामा पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याचे व्यापारी. संत्र्याची पेटी ते कधी वरून पाहत नसत. शेतकरी झाकण उघडून टवटवीत फळं दाखवू लागला की मामा अख्खी पेटी पोत्यावर उलटी करायचे आणि म्हणायचे, "वरचा थर पाहुन्यासाठी असते. मले घरचा दाखव." त्यामुळे सगळी मंडी त्यांना पेटीमामा म्हणायची. पुढे आम्ही भाचरंही तेच म्हणू लागलो.

असा हा माणूस मोटार मात्र वरून पाहून घेऊन आला! नागपूरला एका बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं. तिथे ही लाल, बुटकी, दोनच माणसांची उघडी गाडी उभी होती. लांबलचक नाक, तारांची चाकं, पुढे चकाकता इंग्रजी बिल्ला. विकणाऱ्याने "अस्सल विलायती" म्हटलं आणि मामा भाळले. तरुणपणी एका कॅलेंडरवर त्यांनी अशी स्पोर्ट्स कार पाहिली होती म्हणे. सौंसरला आमच्या दारात ते ती घेऊन आले, ते चक्क गॉगल लावून.

काही दिवसांनी जुन्या गाड्यांचा एक जाणकार आला. त्याने बॉनेटवर टकटक केली, वाकून पाहिलं आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की इंजिन आपल्याकडच्या जुन्या टॅक्सीचं आहे, अंग फायबरचं आहे, ही नक्कल आहे. कोणी बनवली ते मात्र त्यालाही सांगता येईना. मंडीला आयताच विषय मिळाला. "पेटीमामा, ही पेटी उलटी कराची राहूनच गेली का?" माझा मामेभाऊ तर गाडी भंगारात काढायला निघाला.

मामा मुलाला म्हणाले, "फसलो, ते झालं. मले विकनाऱ्यानं फसवलं, बनवनाऱ्यानं नाई. एवढं काम केलं त्या मानसाचं नाव कोनालेच मालूम नाई? ते भेटल्याबिगर गाडी जागची हालत नाई."

त्या रविवारी मी मामांकडे गेले तर मामा बनियनवर गाडीखाली आडवे. मामी वैतागून दारात उभ्या.

"काय शोधून राहिले, मामा?"

"मानूस शोधून राहिलो, पोरी."

दाराच्या बिजागऱ्या बसच्या होत्या, सीटची दुहेरी शिवणही बसच्या सीटसारखी. म्हणजे बनवणारा बसच्या बॉडीवर काम केलेला. मग त्यांनी सीट काढली आणि खालच्या फायबरवर तळवा फिरवला. आत जाडीसाठी गोणपाट दाबलेला होता आणि त्याच्या काठाला दुहेरी हिरवी पट्टी. संत्री आणि कापूस यांच्यात जन्म गेलेल्या माणसाला बारदान ओळखायला वेळ लागत नाही. "अरे, हे तं आपल्या जुन्या जिनिंगचं!" म्हणत मामा उठले आणि डोकं दणकन आपटलं. ते चोळत चोळत हसत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारी पांढुर्ण्याची ती जिनिंग कधीच बंद पडली होती, पण तिचा म्हातारा चौकीदार अजून गावात होता. फाटकी पोती कोण न्यायचं, हे त्याला आठवलं : मोहगावचे सदाशिवभाऊ, नागपूरला बसच्या बॉडी बांधायचे.

मामा गाडी घेऊन मोहगावला गेले, मागे मी स्कूटीवर. गाडी पाहताच सदाशिवभाऊंचा चेहरा उतरला. "काई तकरार हाये का, भाऊ? बंगल्यावाल्या सायबानं फोटो दाखवला, तशी बनवून देल्ली. तो बिल्ला त्यायनंच लावला."

"तकरार नाई. चालवली कशी हे सांगा."

"मी? मी कधी बसलोच नाई हिच्यात."

मामांनी दार उघडून धरलं. दोघं जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेऊन आले. परतल्यावर मामांनी पान्याने बिल्ला काढून खिशात टाकला आणि म्हणाले, "आता इथं तुमचं नाव लिहू."

सदाशिवभाऊंनी हात जोडले. "नका, भाऊ. लोक नकली म्हनतीन. पोरं हासतीन."

"नकली बिल्ला होता. गाडीत काई नकली नाई."

पण ते ऐकेनात. बिल्ल्याची जागा रिकामीच राहिली. "नाव भेटलं, पन मानूस नाव सांगाले लाजते," ही खंत मामा शेवटपर्यंत बोलून दाखवत.

गेल्या हिवाळ्यात मामा अचानक गेले. मला अजून मंडीवरून जाववत नाही. तेरवीला अंगणात व्यापारी बसले होते, बाजूला लाल गाडी उभी होती. जबलपूरच्या एका पाहुण्याने सहज विचारलं, "ही कोणत्या कंपनीची हो?"

भिंतीशी बसलेले सदाशिवभाऊ दुपट्ट्याने तोंड पुसत उठले.

"कंपनीची नाई, सायेब," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी बनवली. मोहगावच्या सदाशिवनं."