बाभळीचा ओंडका आणि सासऱ्यांचं ‘बरं’

अमळनेरला आमच्या घरातली लाइट संध्याकाळी इतक्या नेमाने जायची की गल्लीतले लोक तिच्यावर घड्याळं लावत. आणि माझे सासरे नोकरीला होते भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात. अख्ख्या खानदेशाची वीज आपणच फुंकर मारून पेटवतो, असा त्यांचा समज. दर भेटीत ते आमच्या उपड्या वाटीवर चिकटवलेल्या मेणबत्तीकडे बघत आणि म्हणत, “जावईबापू, आमच्या कॉलनीत ही वस्तू कुणी विकत घेत नाही.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या एखाद्या कामाला या माणसाने साधं ‘बरं’ म्हटलं नव्हतं. या खेपेला ते काढून घ्यायचंच, असं मी ठरवलं.

एका मासिकात ओंडक्याचं मेणबत्तीचं स्टँड पाहिलं होतं. साल तशीच ठेवायची, वर खळगा कोरायचा, मधोमध मेणबत्ती. मी सरपणातला बाभळीचा ओंडका उचलला. लाकूड कसलं, रेल्वेचा रूळच तो! पहिल्या घावाला पटाशीचं तोंड वाकलं, दुसऱ्याला हातोडा दांड्यातून निसटून थेट समोरच्या गच्चीवरच्या पापडांत. त्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारी, “भाऊ, हाई काय करी राह्यनात?” सांगून सांगून घसा बसला. मेण ओघळू नये म्हणून खळगा चांगला खोल, पसरट घेतला. एवढ्या खोदकामात विहिरीला पाणी लागलं असतं, असं बायकोचं मत पडलं.

सासरे आले. लाइट गेली की पेटवून दिमाखात आणायचं, म्हणून स्टँड मेणबत्तीसकट स्वयंपाकघरात ठेवलं आणि मी बल्बकडे डोळे लावून बसलो. बल्ब जाईना. उलट जास्तच ढणढणू लागला, लग्नाच्या मांडवात असल्यासारखा.

“मी असलो की नाही जात,” सासरे म्हणाले.

शेवटी कंटाळून ताटं घेतली. आता भरिताच्या बाबतीत हा भुसावळकडचा माणूस म्हणजे हायकोर्ट. भरीत बडगीतच, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यातच, ठेचलेलं हवं, आणि आमच्याकडे बडगी नाही, म्हणून दरवेळी ते दोन घासांत ताट सरकवत. आज मात्र त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

“बडगी कुणी केली?”

“यांनीच कोरली, बाभळीची,” म्हणत बायकोने माझं स्टँड आणून समोर ठेवलं. खळग्यात वांग्याच्या बिया, मिरची, लसूण. मेणबत्ती गेली होती चमच्यांच्या डब्यात.

सासऱ्यांनी ओंडका फिरवला, साल चाचपली. “जावईबापू, काम बरं केलंत.”

जिभेवर आलेला ‘स्टँड’ हा शब्द मी भरिताबरोबर गिळला. तिखट होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना त्यांनी ओंडका पिशवीत घातला. विचारलं वगैरे नाही. मी एसटी स्टँडावर पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, गाडी हलली. घरी येऊन चप्पल काढतोय तोच लाइट गेली.

अंधारात बायकोने वाटी उपडी केली.